पांडवलेणी ते गोवर्धन: लेणी आणि वायनरी एका दिवसात कशी बसवायची

प्रश्न असा आहे: चार माणसं, त्यांत दोन परदेशी पाहुणे आणि सत्तरीतली आई. जानेवारीच्या अखेरीस खासगी गाडी आणि गाईड घेऊन नाशिकमधले प्राचीन अवशेष आणि तीन वायनरी एका दिवसात पाहायच्या आहेत. पहाटे मुंबईहून निघून रात्री परत यायचं आहे. जमेल का, क्रम कोणता ठेवावा आणि गाईडकडून नेमकं काय मागावं?

जमेल, पण तीनपैकी एक वायनरी गाळा आणि शक्य असेल तर आदल्या रात्री नाशिकला मुक्काम करा. मुंबई-नाशिक एका बाजूचं अंतर साधारण १७० किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, तरी मुंबईतून बाहेर पडायला लागायचा तो वेळ लागतोच. पहाटे पाचला निघून रात्री अकराला परत येणाऱ्या माणसाला दुपारी तिसऱ्या वायनरीत चव कळत नाही, फक्त झोप येते. वाईन नाकाने आणि जिभेने पाहायची गोष्ट आहे आणि दोन्ही थकतात.

आता या दिवसाचा कणा. नाशिकला लेणी आणि वाईन शेजारी आहेत म्हणून एकत्र पाहायची, एवढंच बहुतेक सहलींत असतं. खरं तर दोघांना जोडणारं एक गाव आहे, गोवर्धन. पांडवलेण्यांतल्या शिलालेखांत हे नाव पुन्हा पुन्हा येतं. शहराच्या पश्चिमेला गंगापूरला लागून असलेलं आजचं गोवर्धन तेच, असं अभ्यासक मानतात. सुला ही वायनरी याच गोवर्धनच्या शिवारात आहे. सकाळी ज्या गावाचं नाव दगडात वाचलं, दुपारी त्याच गावात बसून जेवायचं. दिवस या धाग्यावर बांधला की गाईडला बोलायला विषय मिळतो आणि पाहुण्यांना दोन वेगळ्या सहली एकत्र शिवल्यासारख्या वाटत नाहीत.

सुरुवात पांडवलेण्यांपासूनच करा. डोंगराच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, गाडी तिथे लावायची. तिथून दोनशेच्या वर पायऱ्या आहेत, बेताच्या चालीने वीस मिनिटं लागतात. सकाळी आठच्या सुमारास, दार उघडताच पोहोचा. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला खोदलेली असल्यामुळे हिवाळ्यात आत ऊन फारसं येत नाही, पण पायऱ्या दहानंतर तापायला लागतात आणि रविवारी त्याच वेळी गर्दी वर चढते. पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना आणि परदेशी पाहुण्यांना वेगवेगळ्या दराचं असतं. पाहुण्यांचं तिकीट सहलीच्या भाड्यात धरलंय का, हे आधीच विचारा. वाद नेहमी इथेच होतो.

ही बौद्ध लेणी चोवीस आहेत. सगळी पाहू नका. पाच पुरेत आणि त्यांचा क्रम क्रमांकाप्रमाणे नव्हे, गोष्टीप्रमाणे लावा.

पहिलं १० क्रमांकाचं. हे पश्चिम भारतावर राज्य करणाऱ्या नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, याने दिलेलं. ओसरीतल्या लेखात त्याने ३००० कार्षापणांची (त्या काळच्या चांदीच्या नाण्यांची) अक्षयनीवी लिहून ठेवली आहे, म्हणजे मुद्दल कधीच मोडायचं नाही अशी कायम ठेव. ठेव कुठे? गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेण्यांकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, महिना शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना कापडासाठी प्रत्येकी बारा कार्षापण. पाहुण्यांना हा हिशोब उभ्या उभ्या करायला लावा: २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशोब पैचाही फरक न पडता जुळतो तेव्हा लोक लेख वाचायला आपणहून पुढे सरकतात. कोरीव कामाच्या कौतुकाने असं होत नाही.

त्याच उषवदाताने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधल्याचं लिहिलं आहे. शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा, भरुकच्छ म्हणजे भडोच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक मार्गदर्शिकेत भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाईनचा उल्लेख आहे: इटलीची सर्वांत पसंतीची, शिवाय लाओडिकियाची आणि अरबस्तानची. त्याच मार्गदर्शिकेत तिथल्या राजाचं जे नाव येतं तो नहपानच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. भूमध्य समुद्राकडच्या दोन कानांच्या मद्यकुंभांचे तुकडे महाराष्ट्रात तेर आणि नेवासे इथे उत्खननात मिळाले आहेत. गाईडने इथपर्यंत सांगावं आणि थांबावं. यावरून ‘नाशिकला दोन हजार वर्षांपासून वाईन बनते’ असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे. वाईन येत होती, इथे बनत होती याचा पुरावा नाही. गोवर्धनमध्ये विणकर होते. द्राक्षं होती असा एकही लेख नाही. खरा धागा व्यापाराचा आहे आणि तो पुरेसा मजबूत आहे.

दुसरं ३ क्रमांकाचं. ओसरीचा कठडा खांद्यावर पेलणारे ठेंगणे गण खालून आधी पाहा, सगळं लेणं पालखीसारखं उचलल्याचा भास होतो. मग आतला गौतमी बलश्रीचा लेख. आपल्या मुलाबद्दल, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल, ती म्हणते की त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले, आणि त्याने क्षहरात वंश निर्मूळ केला. क्षहरात म्हणजे नहपानाचं घराणं. म्हणजे १० क्रमांकात देणगी देणाऱ्यांचा पाडाव ३ क्रमांकात लिहिलेला आहे. इथल्याच दुसऱ्या लेखात गौतमीपुत्र गोवर्धनच्या अमात्याला हुकूम देतो की आजवर उषवदाताने उपभोगलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्यावं. हे दोन लेख पाठोपाठ वाचले नाहीत तर पांडवलेणी पाहिली असं म्हणू नये, इतकं त्यांचं मोल आहे. १९०६ साली जोगलटेंभी इथे सापडलेल्या निधीत नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी होती आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. त्या नाण्यांची छायाचित्रं गाईडने फोनमध्ये आणावीत.

मग १८ क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, आणि शेजारचं १७. हे १७ क्रमांकाचं उत्तरेतल्या दत्तामित्रीहून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, दिलं आहे, बापाचं नाव धम्मदेव. परदेशी पाहुण्यांना हे लेणं फार जवळचं वाटतं. १९ क्रमांकाचं छोटंसं लेणं सातवाहन राजा कण्हाच्या काळचं, इथलं सर्वांत जुन्यांपैकी एक. पाच मिनिटं द्या.

लेख वाचायची एक युक्ती आहे. टॉर्च अक्षरांवर समोरून मारला की भिंत सपाट दिसते. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने प्रकाश टाका म्हणजे खोदलेल्या रेघांत सावली पडते आणि ब्राह्मी अक्षरं उठून येतात. भिंतीला हात लावू नका, खडूने अक्षरं भरू देऊ नका.

गाईड निवडताना फोनवर एकच प्रश्न विचारा: “तीन आणि दहा नंबरच्या लेण्यांतले लेख तुम्ही दाखवून समजावून सांगाल का?” उत्तरात पांडवांच्या वनवासाची कथाच आली तर दुसरा गाईड बघा. पांडवलेणी हे लोकांनी पुढे दिलेलं नाव आहे. लेखांत डोंगराचं नाव ‘तिरण्हु’ आहे, त्यावरून त्रिरश्मी. पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेला गाईड असेल तर ओळखपत्र दाखवतो, मागायला संकोच नको. आणि गाडीचा चालक हाच गाईड असेल तर तो वर चढेल की खाली गाडीजवळ थांबेल, हेही आधी ठरवा.

आईंचा प्रश्न इथेच येतो. गुडघे दुखत असतील तर दोनशे पायऱ्यांचा आग्रह धरू नका. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याला जास्त त्रास होतो. अशा वेळी पांडवलेण्यांऐवजी सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर घ्या, नाशिकपासून पुणे रस्त्याने तीसेक किलोमीटर. यादवकाळातलं भूमिज शैलीचं पंचायतन आहे: मध्ये शिव, चार कोपऱ्यांत विष्णू, गणपती, पार्वती आणि सूर्य, समोर नंदीमंडप. थोड्याच पायऱ्या चढल्या की जोत्यावर सगळं सपाट. काळ्या बेसॉल्टवर सकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हा शिखरावरच्या छोट्या छोट्या शिखरांच्या उभ्या ओळी स्वच्छ वेगळ्या दिसतात, दुपारी बाराला सगळं एकसारखं काळं. पुण्याहून येणाऱ्यांनी तर गोंदेश्वरपासूनच सुरुवात करावी, ते वाटेतच आहे. मात्र सिन्नर पूर्वेला, वायनरी पश्चिमेला आणि मध्ये नाशिक शहर. म्हणून सिन्नर घेतलंत तर पुढे सांगितलेलं अंजनेरी सोडा.

पायऱ्या जमणार असतील तर लेण्यांनंतर अंजनेरी. त्र्यंबक रस्त्याने नाशिकपासून वीसेक किलोमीटर. डोंगर चढायचा नाही. गावाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी यादवकाळातल्या जैन आणि हिंदू मंदिरांचे पडके अवशेष विखुरले आहेत. अवशेष या शब्दाला खऱ्या अर्थाने शोभणारी जागा हीच. एका मंदिरात शके १०६३, म्हणजे इ. स. ११४१-४२ चा लेख आहे, सेऊणदेव यादवाच्या काळचा, चंद्रप्रभाच्या जैन मंदिराला दिलेल्या दानाचा. फलक अपुरे आहेत, वाटा शेतांतून जातात, म्हणून ठिकाण माहीत असलेला गाईड नसेल तर तासभर शोधण्यातच जातो. इथे एक तास ठेवा. श्रावणी सोमवारी या रस्त्याला फिरकू नका, आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या आधी आणि दरम्यान त्र्यंबक रस्त्यावर प्रत्येक टप्प्याला अर्धा तास जास्त धरा.

अंजनेरीहून बाराला निघालात की पाऊण तासात गंगापूर धरणाच्या बाजूला पोहोचता. आता वायनरी.

दोन निवडताना एक मोठी आणि एक लहान घ्या. सुला मोठी. १९९९ मध्ये स्थापना, पहिली वाईन २००० मध्ये बाजारात. तिथे टाक्यांचा आकार, बाटल्या भरण्याची ओळ, कामाचा पसारा दिसतो. दुसरी गंगावऱ्हे भागातली, यॉर्क किंवा सोमा, धरणाच्या पाण्याजवळ. लहान ठिकाणी प्रश्नांना उत्तरं जास्त मिळतात. परतीची वाट इगतपुरीवरून असेल तर दुसरी वायनरी संजेगाव-कावनई भागातली घेता येते: ग्रोव्हर झाम्पा किंवा व्हॅलोने. तिथला वळसा मात्र तासभराचा आहे. शनिवार-रविवार टाळा. सुलाफेस्टचे, म्हणजे सुलाच्या संगीत महोत्सवाचे, दिवस तर नक्कीच टाळा, त्या दिवशी वायनरी पाहणं होत नाही, फक्त गर्दी पाहणं होतं. दोन्हीकडे टूर आणि टेस्टिंगची वेळ आधी नोंदवा आणि मधे दोन तासांचं अंतर ठेवा.

जानेवारीचा शेवट तुम्ही अचूक निवडला आहे. उष्ण प्रदेशात वेल थंडीने झोपत नाही, म्हणून इथे वर्षातून दोनदा छाटणी करून एकच पीक घेतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ती पुढच्या काड्या तयार करण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात. डिसेंबरात मण्यांत पाणी उतरतं आणि जानेवारी ते मार्च वाईनच्या द्राक्षांची काढणी चालते. या तीन महिन्यांतच घड वेलीवर आणि क्रशर (द्राक्षं चिरडायचं यंत्र) चालू, दोन्ही एकत्र दिसतात. ऑक्टोबरात गेलात तर नुसत्या छाटलेल्या काड्या. पावसाळ्यात हिरवागार पाला असतो, घड नसतात, शिवाय लेण्यांच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात.

बागेत शिरल्यावर मणी तोडून खायचा मोह होतो. विचारल्याशिवाय तोडू नका. भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या होत असतात, आणि फवारणीनंतर किती दिवस फळ खायचं नाही हे बागवाल्यालाच माहीत असतं. विचारलंत तर तो बहुधा स्वतःच काढणीला आलेला घड दाखवतो. खाऊन बघा. वाईनचा मणी लहान, साल जाड, बिया भरपूर आणि साखर खाण्याच्या द्राक्षापेक्षा जास्त, २० ते २४ ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण शेकडा तेवढी साखर. नाशिकच्या बाजारातल्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांची सवय असलेल्याला हा फरक जिभेवर लगेच कळतो. काढणी पहाटे का करतात हेही तिथेच विचारा. गरम मणी फुटला तर रस क्रशरपर्यंत पोहोचण्याआधीच आंबायला लागतो आणि पांढऱ्या वाईनचा सुगंध जातो.

टेस्टिंगआधी जेवा. नाश्त्याला सातला मिसळ खाल्ली तर हरकत नाही, एकपर्यंत जीभ शांत होते. पण टेस्टिंगच्या आधी अर्ध्या तासात मिसळ म्हणजे शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाईनचे पैसे वाया. तिखटाने जीभ भाजलेली असली की अल्कोहोल फक्त जळजळतं आणि फळाचा गोडवा कळत नाही. पान, तंबाखू, बडीशेप, अत्तर हेही त्या दिवशी नको. अत्तर तुम्हालाच नाही, शेजारच्यालाही आड येतं.

साधारण टेस्टिंगमध्ये पाच-सहा वाईन, प्रत्येकी ३० मिलिलिटर. क्रम फसफसणारी, पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड उशिरा-काढणीची. उलटा क्रम लावला तर गोड वाईननंतरची कोरडी वाईन आंबट लागते, दोष वाईनचा नसतो. पांढरी ८ ते १० अंशांवर यायला हवी, लाल १६ ते १८ वर. नाशिकच्या दुपारी ‘खोलीच्या तापमानाची’ लाल वाईन २८ अंशांवर येते आणि सपाट, कडक लागते. बर्फाच्या बादलीत दहा मिनिटं ठेवायला नि:संकोच सांगा. थुंकायचं भांडं मागा. दोन ठिकाणी मिळून दहा-बारा वाईन चाखणाऱ्याने ते वापरावंच, त्यात अशिष्ट काही नाही.

हिशोब मांडून सांगतो. सहा वेळा ३० म्हणजे १८० मिलिलिटर, १३ टक्क्यांची वाईन असेल तर सुमारे १८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी एकच टेस्टिंग पूर्ण प्यायली तर ही मर्यादा ओलांडू शकते. म्हणून खासगी गाडी आणि न पिणारा चालक ही या सहलीची पहिली अट. वायनरीच्या कर्मचाऱ्यांनी आग्रह केला तरी चालकाला ग्लास देऊ नका. त्याच्या जेवणाची मात्र सोय करा. वायनरीतल्या उपाहारगृहाचे दर त्याला परवडत नाहीत आणि आसपास दुसरं काही नसतं. २१ वर्षांखालच्यांना टेस्टिंग मिळत नाही, म्हणून सगळ्यांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या दिवशी मद्यविक्री बंद असते. जानेवारीची अखेर म्हणताय, तेव्हा २६ तारखेवर सहल पडू देऊ नका.

बाटल्या शेवटच्या वायनरीतच घ्या. बंद गाडीत उन्हात तापमान पन्नाशीच्या वर जातं, वाईन फुगते, बूच वर सरकतं आणि चव शिजल्यासारखी होते. थर्मोकोलचा खोका मागा, सीटखाली ठेवा, डिकीत नको. बिल सांभाळा. आणि परतीला सापुताऱ्याकडे वळायचा बेत असेल तर बाटल्या घेऊच नका. पलीकडे गुजरात आहे, तिथे दारूबंदी आहे.

गाडी ठरवताना दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटरचा हिशोब लावतात. मुंबईहून येऊन-जाऊन ते सहज ओलांडतं, वरच्या किलोमीटरचा दर, टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता लिहून घ्या. नाशिकला मुक्काम करून स्थानिक गाडी घेतली तर पांडवलेणी, अंजनेरी, गंगावऱ्हे आणि परत शहर हा फेरा शंभरएक किलोमीटरच्या आत राहतो, म्हणजे आठ तासांच्या भाड्यात थोडी भर टाकून भागतं.

वेळा अशा धरा: आठला लेणी, सव्वादहाला खाली, अकरा ते बारा अंजनेरी, पावणेएकला गोवर्धनला जेवण, दोनला टूर आणि टेस्टिंग, साडेतीनला निघून चारला गंगावऱ्ह्याची वायनरी. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसायची जागा पाचलाच धरा, साडेपाचनंतर मिळत नाही.